शिरवणबंदरची दुबार माणसं

"चार," डॉ. इद्रीस मुकादम म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. चष्म्याला काही झालेलं नव्हतं. समोरच्या पडद्यावर जे दिसत होतं ते पुन्हा वाचायची त्यांची इच्छा नव्हती, इतकंच.

पडद्यावर लिहिलं होतं: 'शिरवणबंदर. एकूण घरे दोनशे बारा. दर्यावर्दी कुटुंबे चार.'

डॉ. हेमांगी कुबलनं तो आकडा पुन्हा वाचला. रत्नागिरीच्या अभिलेख-विज्ञान प्रयोगशाळेत ती आणि मुकादमसर आठ महिने या एका आकड्याची वाट पाहत होते. साठ आला असता तरी तिनं पेढे वाटले असते. शिरवणबंदर हे तिचं स्वतःचं गाव. तिथल्या प्रत्येक घराच्या अंगणात गंजलेला नांगर पडलेला असतो आणि तिथली पोरं पोहायला आधी शिकतात, चालायला नंतर. त्या गावात दर्यावर्दी कुटुंबं म्हणे चार!

हा हिशेब नुसत्या हौसेचा नव्हता. २०९१ साल उजाडेपर्यंत समुद्रानं किनाऱ्यावरची निम्मी गावं गिळली होती. शिरवणबंदरच्या खालच्या वाडीत भरतीचं पाणी तुळशीवृंदावनाला लागत होतं. भू-पुनर्वसन मंडळाचा विचार अख्खं गाव उचलून चाळीस किलोमीटर आत, कातळाच्या पठारावर नेऊन ठेवायचा होता. त्यातून सुटायची वाट एकच होती. सागरवास कायद्याप्रमाणे, ज्या गावातली किमान साठ कुटुंबं सलग तीन जनगणनांमध्ये दर्यावर्दी होती असं सिद्ध होईल, त्या गावाला त्याच्याच खाडीत तरती वस्ती बांधून मिळणार होती. पुरावा फक्त १८८१, १८९१ आणि १९०१ च्या नोंदींचा. आजी-पणजीच्या गोष्टी चालणार नाहीत, कारण त्या प्रत्येक गावाकडे असतात. सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती.

इतक्या जुन्या घरोघरच्या याद्या बहुतेक ठिकाणी कधीच नष्ट झालेल्या. शिरवणबंदरच्या मात्र एका पितळी पेटाऱ्यात राहिल्या होत्या, आणि खारं पाणी लागून त्यांची वीट झाली होती. पान सुटं करायला गेलं की भुगा व्हायचा. प्रयोगशाळेच्या थरवाचक यंत्रानं ती वीट न उघडताच वाचली. क्ष-किरणांनी शाईतले लोहकण टिपायचे, कुठला कण कुठल्या थरातला ते ठरवायचं आणि एकेक पान पडद्यावर उलगडायचं. अक्षर मोडी, तेही घाईत बोरूनं ओढलेलं. ते मुकादमसरांनी लावलं. गणनेच्या रात्री मुंबई, कारवार, कालिकत, एडन अशा बंदरांत उभ्या असलेल्या गलबतांच्या आणि पडावांच्या याद्याही त्यांनी मिळवल्या. कारण जहाजावर झोपलेला माणूस जहाजावरच मोजला जायचा.

"मला तुझं गणित पुन्हा एकदा सांग," मुकादमसर म्हणाले. "मी इतिहासवाला माणूस. एखाद्या अडाण्याला सांगावं तसं सांग."

"एक घर घ्या," हेमांगी म्हणाली. "बाई आहे, तीन मुलं आहेत, नवरा यादीत नाही. पण बाई विधवा म्हणून लिहिलेली नाही. म्हणजे नवरा जिवंत आहे, फक्त गणनेच्या रात्री घरात नाही. ही झाली पोकळी. आता एडनच्या बंदरात उभ्या गलबतावर त्याच नावाचा, त्याच बापाचा, त्याच वयाचा खलाशी आहे. त्या पोकळीत तो बसतो का बघायचं. बसला की नोंदजुळणी झाली."

"आणि पोकळी नसेलच तर?"

"तर नवरा घरातच होता. गलबतावरचा तो कोणी दुसरा. माझा पायाच तो आहे, सर. एक माणूस, एक रात्र, एक जागा."

"मग ही जनगणना झाली कधी? फेब्रुवारीत, नाहीतर मार्चच्या आरंभी. तिन्ही वेळा." मुकादमसरांनी चष्मा पुन्हा चढवला. ते स्वतः दाभोळच्या नाखव्यांच्या घरातले. "नारळी पौर्णिमेला बाहेर पडलेली गलबतं पावसाच्या तोंडावर परत यायची. फेब्रुवारीत तुझं गाव निम्मं रिकामं असायला हवं. आणि यादीत बघ! घराघरात पुरुष. लग्नघरासारखं भरलंय गाव."

"म्हणजे आम्ही कधी समुद्रावर गेलोच नव्हतो," हेमांगी म्हणाली. हे वाक्य बोलताना तिला खरोखर लाज वाटली. लहानपणापासून ऐकलेल्या सगळ्या गोष्टी थापा निघाल्या तर माणसानं कुणाकडे बघायचं?

दुसऱ्या दिवशी ती गावाला गेली. निमित्त २०९१ च्या जनगणनेचं होतं, पण खरं म्हणजे तिला अन्वीकाकीला भेटायचं होतं. हेमांगीचे आईवडील लवकर गेले. तिला वाढवलं ते काकीनं आणि रेयांशकाकानं. अन्वी, रेयांश ही त्यांच्या जन्माच्या वेळची फॅशनेबल नावं. आता ती ऐकली की डोळ्यांसमोर सुपारी कातरणारी माणसंच येतात.

रेयांशकाका तांडेल होता, पण पाण्यावरचा नव्हे. 'तिसरा पडाव' नावाचं हिमवाहू जहाज घेऊन तो लघुग्रहांच्या पट्ट्यात बर्फ आणायला जायचा. या कामाला कोकणातली माणसं पसंत केली जात. महिनोन्महिने त्याच आठ तोंडांकडे बघत राहायचं आणि तरी भांडण एका मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचं नाही, ही विद्या आमच्याकडे वंशपरंपरेनं आली आहे असं काका सांगायचा. चार महिन्यांपूर्वी जहाजाचा आवाज बंद झाला. शेवटच्या संदेशात मुख्य संदेशतबकडीला दगडाचा मार बसल्याचं कळलं होतं. त्यानंतर काही नाही. जहाज-कचेरीतले लोक फोनवर फार हळू आवाजात बोलायला लागले होते, आणि ते काकीला मुळीच आवडत नव्हतं.

हेमांगी पोचली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. काकी ओसरीवर कोळंबी सोलत बसली होती आणि भिंतीवरचा शासकीय गणक तिला प्रश्न विचारत होता. हा गणक म्हणजे बोलणारं यंत्र. त्याचा स्वर नव्या मास्तरासारखा, गरजेपेक्षा जास्त गोड.

"कुटुंबप्रमुख रेयांश सदानंद कुबल. काल रात्री ते या घरी झोपले होते का?"

"होते," काकी म्हणाली.

"ते आता बोलू शकतील का?"

"न्हातत," काकीनं कोळंबीवरची नजरसुद्धा न उचलता सांगितलं.

"धन्यवाद. नोंद झाली." गणकाचा दिवा मालवला.

हेमांगी दारातच उभी राहिली. काकीचं दुःखानं डोकं फिरलं की काय, हाच विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला.

"काकी, तू खोटा कित्याक सांगलंस?"

"खोटा खंय?" काकी म्हणाली. "दर्यार गेलेल्या माणसाक 'नाय' म्हणूचा नसता गे. 'नाय' म्हटला तर आपणच तेंका पाण्यात ढकलल्यासारख्या होता. कोणीव इचारला तर 'आसत' म्हणूचा. न्हातत म्हणूचा, झोपलेत म्हणूचा. माझ्या सासून माका लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगलेला."

"पण काका दर्यावर नाय. आकाशात आसा."

"भायर गेलेलो माणूस तो भायर गेलेलो. तुमच्या आकाशाचा माका काय सांगतंस?"

"आणि सरकारी माणसानं इचारला तरी?"

"सरकारी माणूस म्हणजे काय देव?" काकीनं आता मात्र मान वर केली. "सगळ्यो बायलो असाच सांगतत. पयल्यापासून."

'पयल्यापासून' हा शब्द हेमांगीच्या कानात राहिला. समोरच्या स्वयंपाकघरात काकाचा पाट मांडलेला होता. चार महिने रोज दुपारी त्या पाटापुढे पान वाढलं जात होतं आणि मग ते अन्न दारी येईल त्याला मिळत होतं. काका बाहेर गेला की असं पान वाढलं जाताना तिनं जन्मभर पाहिलं होतं. आपलं गणित आणि हा पाट यांचा काही संबंध असेल असं मात्र तिच्या शिकलेल्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तिनं तिथूनच मुकादमसरांना फोन लावला.

"सर, पाया चुकला. एक माणूस, एक रात्र, दोन जागा!"

"झोपेत आहेस का?"

"आमच्या बायका खोटं बोलल्या, सर! तिन्ही वेळा, सगळ्याजणी! यादीत पोकळी नाही, कारण ती त्यांनी राहूच दिली नाही. घरी हजर आणि जहाजावरही हजर अशा जोड्या मी दुसरी माणसं म्हणून फेकून दिल्या. त्याच जोड्या आपल्याला हव्या आहेत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग मुकादमसर म्हणाले, "आणि ती चार घरं? तिथं पोकळी का राहिली? नवीन नियम मांडणार असशील तर त्याला जुन्या अपवादाचं उत्तर देता आलं पाहिजे."

उत्तर संध्याकाळी सापडलं. त्या चार घरांत माहिती बाईनं दिलीच नव्हती, असा यादीत शेरा होता. म्हाताऱ्या बापांनी गणना करणाऱ्याला सरळ खरं सांगून टाकलं होतं. मुकादमसर इतके हसले की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले.

नव्या नियमानं गणित पुन्हा मांडलं तेव्हा १८८१ मध्ये एकशे त्रेचाळीस माणसं दुबार निघाली. विठू बिन रामा कुबल शिरवणबंदरात घरी झोपला होता आणि त्याच रात्री एडनला 'लक्ष्मीप्रसाद' गलबतावरही झोपला होता. त्याचा भाऊ घरी होता आणि कालिकतलाही होता. पुढच्या दोन्ही जनगणनांत हेच. हेमांगीनं विठूचं नाव पडद्यावर बोटानं गिरवलं. तो तिच्या खापरपणजोबांचा बाप होता, आणि ती रडली. यात लपवण्यासारखं काहीच नाही.

एक गोष्ट मात्र मुकादमसरांनी हलकेच तिच्यापुढे ठेवली. एकतीस माणसं अशी होती की १८८१ मध्ये दुबार, पण १८९१ मध्ये नुसती घरी हजर, कुठल्याच जहाजाच्या यादीत नाहीत. यातल्या एकोणतीस जणांच्या बायका पुढच्या जनगणनेत विधवा म्हणून लिहिलेल्या होत्या. म्हणजे नियम दोन्ही बाजूंनी कापत होता. दोन्हीकडे हजर असलेला माणूस समुद्रावर आहे आणि जिवंत आहे. फक्त घरी हजर असलेला खलाशी बहुधा समुद्रानं ठेवून घेतला आहे. अशा नोंदींना हेमांगीनं 'एकेरी' असं नाव दिलं आणि काकीपुढे तो शब्द काढला नाही.

सुनावणी कुडाळला झाली, गणनेनंतर बरोब्बर अठराव्या दिवशी. लवादाच्या अध्यक्षा डॉ. अरुंधती सप्रे, कमी बोलणाऱ्या आणि सगळं ऐकणाऱ्या. भू-पुनर्वसन मंडळाकडून संख्याशास्त्रज्ञ डॉ. प्रसन्न देवस्थळी आले होते. देवस्थळी मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी आधी थरवाचनाचं मनापासून कौतुक केलं आणि मग मुद्द्याला हात घातला.

"डॉ. कुबल, तुमचा सगळा दावा एका समजुतीवर उभा आहे. दीडशे-दोनशे बायका एकाच प्रकारे खोटं बोलल्या. याला पुरावा काय? एकाच नावाची दोन माणसं असणं जास्त संभवनीय नाही का?"

"ही चाल आजही पाळली जाते," हेमांगी म्हणाली. "माझी काकू साक्षीला आहे. अठरा दिवसांपूर्वीच तिनं गणकाला तसं सांगितलंय."

काकी पुढे येऊन बसली. इरकली लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. घाबरल्याचं चिन्ह नाही.

"तुमचे पती त्या रात्री घरी होते असं तुम्ही नोंदवलंत?" देवस्थळींनी विचारलं.

"होय."

"पण ते घरी नव्हते."

काकीनं नुसता पदर सारखा केला. हेमांगीनं डोळे मिटले. या प्रश्नाला काकी मेली तरी उत्तर देणार नाही हे आधीच तिच्या लक्षात यायला हवं होतं. साक्षीदार आपण चांगला निवडला, असं तिला उपरोधानं वाटून गेलं.

देवस्थळी क्षणभर घुटमळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला हे विचारायला बरं वाटत नाही. पण वर्तमानाचा पुरावा देत असाल तर नियमही वर्तमानाला लावावा लागेल. 'तिसरा पडाव' चार महिने मूक आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ते घरी हजर आहेत आणि कुठल्याच जहाजाच्या यादीत नाहीत. तुमच्याच नियमाप्रमाणे ही नोंद कोणती?"

सभागृहात गावातली दीडशे माणसं बसली होती. सगळी हेमांगीकडे बघत होती.

"एकेरी," हेमांगी म्हणाली. शास्त्रज्ञ म्हणून दुसरं उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

काकीनं तिच्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही. लहानपणी हेमांगी पडून गुडघा फोडून यायची तेव्हा बघायची, तसंच.

"नोंद तपासल्याशिवाय तिला कुठलंही नाव द्यायचं नाही," अध्यक्षा सप्रे कोरडेपणानं म्हणाल्या. "बाईंनी गणकाला काय सांगितलं ते मला गणना कार्यालयाकडून लेखी हवं आहे. अन्वीताई, तुमची नोंद मागवायला तुमची संमती आहे?"

"मागवा," काकी म्हणाली.

नोंदी गुप्त असतात. घरच्या माणसानं संमती दिल्याशिवाय त्या यंत्राबाहेर येत नाहीत, आणि तोवर कुणी माणूस त्या वाचतही नाही. दहा मिनिटांनी उत्तर आलं. लेखनिकानं ते वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

"'रेयांश सदानंद कुबल. घरी हजर. आता आंघोळ करत आहेत.'" मागच्या बाकांवर कोणीतरी खुदकन हसलं. "'सदर नोंद तूर्त रोखून ठेवली आहे. कारण, दुबार.'"

"काय?" देवस्थळी म्हणाले.

"'दुबार,'" लेखनिकानं परत वाचलं. "'दुसरी नोंद. हिमवाहू जहाज तिसरा पडाव. गणनेच्या रात्री जहाजावर झोपलेली माणसं नऊ. तांडेल रेयांश सदानंद कुबल. दोन्हींपैकी चुकीची नोंद कुटुंबानं, सूचना मिळाल्यावर एक महिन्याच्या आत, रद्द करावी. सूचना पाठवणे बाकी.'"

मुकादमसर उभे राहिले होते. "गणनेची रात्र!" ते ओरडले. लवादासमोर ओरडायचं नसतं याचं त्यांना भानच नव्हतं. "त्या एका रात्री सगळ्या मोठ्या तबकड्या आपलं बोलणं थांबवतात आणि फक्त ऐकत बसतात, दूरच्या जहाजांच्या याद्या येतात म्हणून! मुख्य तबकडी गेली असली तरी जहाजावर संकेत पाठवणारा साधा संकटदीप असतो. एरवी त्याचा क्षीण आवाज कुणाला ऐकू गेला नसता. त्या तांडेलाला हे ठाऊक होतं! त्यानं गणनेची यादीच पाठवली!"

"आणि ती अठरा दिवस गणना कार्यालयात पडून राहिली," अध्यक्षा म्हणाल्या.

"यंत्राला वाटलं चूक आहे," हेमांगी म्हणाली. "माझ्या गणितालाही तसंच वाटलं होतं."

यानंतर सभागृहात काय झालं त्याचं वर्णन लवादाच्या कामकाजात 'थोडा व्यत्यय' असं आहे. प्रत्यक्षात दीडशे माणसं एकदम उठली होती. कोणी कुणाला मिठी मारली याचा पत्ता नव्हता, आणि देवस्थळी आपल्या विरुद्ध पक्षाचा, म्हणजे मुकादमसरांचा, हात दोन्ही हातांत धरून हलवत होते. लेखनिक जहाज-कचेरीला फोन लावत होता. अर्ध्या तासात तिकडून निरोप आला की, त्या रात्रीचा संकेत शोधून काढला आहे, जहाजाची जागा कळली आहे, ते आपल्या वाटेनं घरी निघालेलं आहे, आणि मंगळाच्या तळावरून मदतीचं जहाज आजच सुटेल. नऊही माणसं सुखरूप.

काकी एवढा वेळ जागची हलली नव्हती. हेमांगी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली तेव्हा तिला दिसलं की काकीच्या गालांवरून पाणी ओघळतं आहे.

"मी एकेरी म्हटलंय गे काकी. माझा चुकला."

"तुका कोणी शिकवलाच नाय," काकी म्हणाली. "लगीन खंय केलंस तू?"

निकाल त्याच दुपारी लागला. अध्यक्षा सप्रे यांनी तो दोन मिनिटांत वाचला. शिरवणबंदरची चाल आज या लवादासमोर सिद्ध झाली आहे. सबब १८८१, १८९१ आणि १९०१ च्या दुबार नोंदी दर्यावर्दी नोंदी म्हणून ग्राह्य धरण्यात येत आहेत. गाव त्याच्या खाडीतच राहील.

मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. "अन्वीताई, एक काम राहिलं. दोनांपैकी एक नोंद तुम्हाला रद्द करावी लागेल. कोणती चुकीची?"

"चूक खंय आसा?" काकी म्हणाली. "दोनय बरोबर. दोनय ठेवा."

अध्यक्षांनी देवस्थळींकडे पाहिलं. "मंडळाची काही हरकत?"

"मुळीच नाही," देवस्थळी म्हणाले.

"दोन्ही ठेवा," अध्यक्षांनी लेखनिकाला सांगितलं.

बाहेर पडताना काकीनं पदरानं तोंड पुसलं आणि हेमांगीचा हात धरून ती भराभरा चालायला लागली. तिच्या पायांत एवढा वेग आहे हे हेमांगी विसरूनच गेली होती.

"अगो, जरा सावकाश! खंय पळतंस?"

"घराक. न्हाणयेतला तांब्याचा भांडा फुटका झालाहा, ता नीट करून घेवक होया," काकी म्हणाली. "आंघोळ करतत म्हणान सरकारात लिवन दिलंय मी. आल्याबरोबर गरम पाणी नको?"

"काकी, त्यांना पोचायला अजून सात महिने आहेत," मागून मुकादमसर म्हणाले.

"सात तर सात," काकी म्हणाली, आणि आज दुपारचं पान वाढायचं राहिलं म्हणून तिनं चालण्याचा वेग आणखी वाढवला.